तीन इंच कमी

वखारीत शिरले तेव्हा माझ्या एका हातात छत्री होती, दुसऱ्या हातात वही आणि डोक्यात गोल खिडकी. आत एक उंच माणूस फळ्यांवरून हात फिरवत उभा होता. मला वाटलं, वखारीचाच माणूस.

"अहो, ती वरची फळी जरा काढता का? ती नाही हो, तिच्या मागची. हां. आता उलटी करा."

त्यानं काढली. उलटी केली. मी वाकून वास घेतला. हो, मी लाकडाचा वास घेऊन बघते, हसायचं तर हसा.

"नको. हिला दवाखान्याचा वास येतोय. दुसरी दाखवा."

अशा सात फळ्या झाल्या. बिचारा चकार शब्द न बोलता एकेक काढत होता, ठेवत होता. आठव्या फळीला मी म्हणाले, "तुमच्या मालकांना सांगा, चांगला माल असा मागे लपवून ठेवू नये."

"मालक आत चहा पितायत," तो म्हणाला. "मी गिऱ्हाईक आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "मग... मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही थांबलात कुठे?"

आणि हसला. फार नाही, एका गालानंच. पण माझ्या हातातली वही मात्र धाडकन भुशात पडली. त्यानं ती उचलली, फुंकर मारली, आणि न विचारता उघडली. उघडली तीही नेमकी पहिल्याच पानावर. तिथं आमचं घर होतं. लाल छप्पर, माळ्याला गोल खिडकी, दाराशेजारी मांजरासाठी वेगळं छोटं दार आणि फाटकापासून दारापर्यंत चिकटवलेली पिवळी पायवाट. त्या पायवाटेकडे त्यानं जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हे घर कुठंय?"

"अजून कुठंच नाही," मी वही हिसकावून घेत म्हणाले. "पुढच्या महिन्यात पाया खणायचाय."

"दारं-खिडक्या कोण करणार?"

"तुम्ही सुतार आहात?"

"फळ्या उचलणारा तरी नाही," तो म्हणाला.

तर अशी आमची ओळख झाली. आता वहीचं सांगते, कारण सगळा घोळ तिनंच घातलाय.

मी सात वर्षांची असताना आईनं ती वही आणली. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. रोज दुपारी आई मला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायची, आणि गोष्टीतल्या घरातली आवडलेली एक वस्तू आम्ही वहीत उतरवून ठेवायचो. एका ससोबाच्या घरातला जिना, एका आजीबाईच्या घरातली भिंतभर पुस्तकं, कुठल्याशा राजकन्येच्या माळ्याची गोल खिडकी. चित्र मी काढायचे आणि पानाच्या तळाशी आई एक ओळ प्रार्थना लिहायची. दाराच्या पानावर लिहिलंय, 'प्रभू, हे दार बाहेरून आत येणाऱ्याला हलकं लागू दे.' स्वयंपाकघराच्या पानावर, 'इथून कुणी उपाशी जाऊ नये.' आणि खिडकीतल्या बाकाच्या पानावर, 'इथं दोघांना बसून एकच पुस्तक वाचता येऊ दे. रुंदी तीन फूट.' आईची प्रार्थना अशीच, मापासकट.

मी एकोणीस वर्षांची असताना आई देवाघरी गेली. घर वहीतच राहिलं. मी पुढं गोष्टींच्या पुस्तकांची चित्रंच काढू लागले, त्यावरच पोट भरू लागले. पप्पा चर्चमध्ये पियानो वाजवायचे, आत्या आम्हा दोघांना ताळ्यावर ठेवायची. अकरा वर्षांनी एकदाचा गावाच्या कडेला प्लॉट मिळाला, तेव्हा मी पप्पांना म्हटलं, "घर बांधायचं तर वहीतलंच. एक पान जरी गळलं, तरी मी त्या घरात राहणार नाही."

पाया खणताना चार फुटांवर पहार खण्‌कन वाजली. गवंडीदादांनी कपाळाला हात लावला. "खडक लागला हो! आता आठ दिवस नुसतं फोडत बसावं लागणार."

पप्पांनी टोपी काढली आणि तिथंच, मातीच्या ढिगावर, डोळे मिटून म्हणाले, "प्रभूची स्तुती असो!"

आत्या म्हणाली, "आमेन!"

मी तर टाळ्याच वाजवल्या. गवंडीदादा आमच्याकडे असे बघत राहिले, जणू आम्ही तिघांनीही पहार डोक्यावर मारून घेतलीये. तेव्हा सुतार, म्हणजे तोच, चौकटीची मापं घ्यायला आलेला, त्यांच्या कानात म्हणाला, "दादा, यांना लहानपणापासून शिकवलंय, शहाणा माणूस घर खडकावर बांधतो आणि मूर्ख वाळूवर. मलाही शिकवलंय. तुम्ही फोडू नका, त्याच्यावरच बांधा."

"तुम्ही पण चर्चवाले?" गवंडीदादांनी विचारलं.

"मागच्या बाकावरचा," तो म्हणाला.

घर वर येऊ लागलं. सगळी मापं गवंडीदादांनी त्यांच्या लोखंडी टेपनं घेतली. फक्त एका जागेला मी कुणाला हात लावू दिला नाही. खिडकीतल्या बाकाच्या कोनाड्याला. त्या दिवशी मी आईची शिवणाची टेप घेऊन गेले. पिवळी, मऊ पडलेली, अजून तिच्या डब्याचा वास असलेली. टेपचं एक टोक भिंतीला लावलं, तीन फुटांवर, म्हणजे बरोबर छत्तीसच्या आकड्यावर, खडूनं रेघ मारली आणि गवंडीदादांना म्हटलं, "इथून इथपर्यंत. केसभर इकडे नको, तिकडे नको."

सुतार दारात उभा होता. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं.

"ही माझ्या आईची टेप आहे," मी म्हणाले. डोळे भरून आले होते, म्हणून उगीचच टेप गुंडाळत बसले.

त्यानं तोंड मिटलं. "छान आहे," एवढंच म्हणाला.

मग पाच महिने तो रोज येत होता, आणि मी पण रोज जात होते. त्याच्या पेन्सिलीला टोक नसायचं, मी करून द्यायचे. माझ्या केसांत भुसा अडकायचा. तो बोटानं लांबूनच दाखवायचा – "तिथं... नाही, डावीकडे..." – पण स्वतः कधी काढायचा नाही. त्याचा मला राग यायचा. काढला असता तर काय झालं असतं?

एका दुपारी चहा पिताना तो सहज म्हणाला, "हे काम उरकलं की मी निघतो. लांबच्या एका गावात नवीन चर्च बांधलंय. बाकच नाहीत, लोक उभ्यानं उपासना करतात. चार महिन्यांचं काम आहे."

मी कप खाली ठेवला. म्हणजे बघा, माझी गोची अशी, की ज्या घरासाठी मी अकरा वर्षं देवाला साकडं घालत होते, ते पूर्ण झालं की हा माणूस जाणार. आणि गेलेला माणूस परत येईलच असं कोण सांगणार? घर तर हवं होतं. तोही हवा होता.

मग काय, मी कामं वाढवली. वहीत नसलेली पानं रात्रीतून वहीत येऊ लागली.

"जिन्याखाली एक गुहा हवी. मुलांना पुस्तकं वाचायला."

"कुठल्या मुलांना?" त्यानं अगदी साधेपणानं विचारलं.

"येतील कुणीतरी!" मी लाल होत म्हणाले. "आणि पक्ष्यांसाठी एक फळी. आणि पत्रांची पेटी, झाकणाची."

"मांजराच्या दाराला बिजागरी हवी का कडी?"

"दोन्ही."

"मांजर आहे का?"

"ते तुमचं काम नाही."

आत्या ऐकत होती. संध्याकाळी म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. अगं, मांजराला कडी लावता येते का?"

पण किती दिवस पुरणार? चर्चच्या पाळकसाहेबांनी घर देवाला अर्पण करायची उपासना रविवारी ठरवली. सुताराची गाडी सोमवारची.

गुरुवारी आत्यानं खिडकीतल्या बाकाची गादी शिवून आणली. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, बरोबर तीन फूट. पाळकसाहेब आले होते, गवंडीदादा होते, पप्पा होते. आत्यानं गादी बाकावर ठेवली. ती बसेना. एक टोक दाबलं की दुसरं वर. दोन्ही दाबली की मधून ती मांजरानं पाठ उंचवावी तशी फुगायची.

"बाक लहान झालाय," आत्या म्हणाली.

 सगळ्या घरातली हीच एक जागा. हीच! पाच महिन्यांचा जीव, रविवार तीन दिवसांवर, सोमवारची ती मेली गाडी, सगळं एकदम माझ्या जिभेवर आलं.

"एक माप तुम्हाला नीट घेता आलं नाही?" मी सुताराला म्हणाले, सगळ्यांदेखत. "सगळं घर सोडून नेमकी हीच जागा चुकायची होती? लक्ष कुठंय तुमचं? निघायची एवढी घाई झालीये का?"

  तो हळूच म्हणाला, "माझंच चुकलं असेल," पिशवी उचलली आणि गेला.

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. पप्पा खिडकीबाहेर पाहू लागले. आत्यानं मात्र कंबरेवर हात ठेवले.

"नाचता येईना अंगण वाकडं! कोनाडा कुणी मापला होता? त्यानं तर फक्त त्यात फळी बसवली. आणि येता-जाता सुताराला बोलू नकोस हो, आपल्या प्रभूचाही धंदा तोच होता."

"मी नीट मापलं होतं!" मी आईची टेप काढली, कोनाड्यात लावली. "हे बघ. छत्तीस. बरोबर तीन फूट!"

आत्यानं स्वतःची टेप लावली. "तेहतीस."

 मग पप्पा आले, त्यांनी दोन्ही टेपा जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या. आत्याची टेप एकपासून सुरू होत होती. आईची टेप चारपासून. पहिले तीन इंच नव्हतेच. टोक कापलेलं होतं, वेडंवाकडं, लहान मुलाच्या हातानं कापावं तसं.

पप्पांनी माझी वही उघडली. पहिलं पान. लाल छप्पर, गोल खिडकी, मांजराचं दार... आणि फाटकापासून दारापर्यंत पिवळी पायवाट. तिच्यावर फरश्यांसारखे आकडे. एक. दोन. तीन.

सात वर्षांची असताना मीच कापली होती. आईचा ओरडाही आठवला, आणि मग तिचं हसणं. ती पुढं आयुष्यभर तीन वजा करूनच कपडे बेतायची. आणि मी चित्रं काढून पोट भरणारी बाई, ते पान रोज बघत होते!

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आत्या म्हणाली. "जा आता. छत्री घेऊन जा."

वखारीत तो फळ्यांवरून हात फिरवत उभा होता, पहिल्या दिवशीसारखाच. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. मी छत्री नेली होती, पण उघडायचं भानच राहिलं नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "टेप कापलेली होती. मी कापलेली. तुम्हाला सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. मला माफ करा."

"माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"टेप चारपासून सुरू होते ते. तुम्ही भिंतीला लावलीत तेव्हाच दिसलं. आणि उरलेली तीन कुठं गेली, तेही." त्यानं हवेत बोटानं पायवाट काढली. "इथंच पाहिली होती. भुशातून वही उचलली तेव्हा."

"मग बोलला का नाहीत? पाच महिने!"

"तुम्ही म्हणालात, आईची टेप आहे." त्यानं नजर फळ्यांकडे वळवली. "तुमचे डोळे... त्या वेळी त्या टेपला खोटं पाडायला माझी जीभ वळेना हो. मग भिंत उभी राहिली, आणि रोज वाटायचं, उद्या सांगू."

मी छत्री उगीचच उघडली आणि मिटली. 

"भिंत थोडी तासून देतो," तो म्हणाला. "एका दिवसात होईल."

"नको. आईनं तीन वजा करून निभावलं, आम्हीही निभावू. आत्या गादी उसवेल." मग धीर करून विचारलं, "आणि दुसरं काही कारण नव्हतं?"

"होतं."

"सांगा की."

"आज नाही," तो म्हणाला, आणि हात पुढं करून माझ्या केसांतला भुसा काढला. पहिल्यांदाच. ओल्या केसांत भुसा कुठून आला होता कोण जाणे... नसेलही.

'जाऊ नका' हे ओठांवर आलं होतं. पण तिकडं माणसं उभ्यानं उपासना करत होती, आणि यानं शब्द दिला होता. शब्द मोडणारा असता तर मला तो आवडलाच नसता. मी 'येते' म्हणाले आणि निघाले. घरी जाऊन मात्र पोटभर रडले.

रविवारी सकाळी आम्ही तिघं नवीन घराच्या फाटकाशी पोचलो, आणि आत्या एकदम थबकली. "अगं बाई!"

फाटकापासून दारापर्यंत काल चिखल होता. आज तिथं तीन दगडी फरश्या बसवल्या होत्या, रुंद, घासून गुळगुळीत केलेल्या. पहिलीवर कोरलं होतं एक. दुसरीवर दोन. तिसरीवर तीन. आणि दाराच्या उंबऱ्यावर, लाकडात, चार.

पप्पांनी टोपी काढली. त्यांचा चेहरा मी बघितला नाही, मला स्वतःचाच सावरत नव्हता. मी एकवर पाय ठेवला. दोनवर. तीनवर. आई माझ्या मागून हसत येतेय, असंच वाटलं.

तो दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, नखांत अजून दगडाची पांढरी भुकटी.

"आता टेप पुरी झाली," तो म्हणाला. "मापं इथून सुरू करा."

"तुम्ही लाकडाचं काम करता ना?" माझा आवाज फाटला होता. "दगड कुणी घडवला?"

"गवंडीदादांनी शिकवलं. तुमच्या घराच्या पायालगतचाच खडक आहे. थोडा फोडावा लागला, माफ करा."

लोक जमले. खुर्च्या कमी पडल्या. पप्पा पियानोवर बसले, आत्यानं सगळ्यांना हाकलत हाकलत बसवलं, आणि मला नि त्याला म्हणाली, "तुम्ही दोघं तिकडं, खिडकीत." गादी उसवून तिनं तेहतीस इंचांची केली होती.

आम्ही बसलो. म्हणजे, बसायचा प्रयत्न केला. खांद्याला खांदा लागला. मी खिडकीकडे सरकले, तर खिडकी लागली. तो भिंतीकडे सरकला, तर भिंत.

"दुसरं कारण सांगू?" तो पुटपुटला.

"सांगा."

"तीन फुटांत दोघं ऐसपैस बसतात."

"मग?"

"मला ऐसपैस नको होतं."

मी गाण्याचं पुस्तक तोंडापुढं धरलं. हसू दाबताना पोट दुखू लागलं. पण आता नाही बोलले तर कधीच नाही, हेही कळत होतं, उद्या सोमवार होता.

"मला तुम्ही आवडता," मी पुस्तकाआडून म्हणाले. "सातव्या फळीपासून."

"मला पहिलीपासून," तो म्हणाला. "नाहीतर उरलेल्या सात कोण काढतंय? चार महिन्यांत परत येतो. ही जागा ठेवाल?"

"दुसरं कुणी बसलं तर ढकलून देईन."

"आणि कायमची ठेवाल?"

"ते... ते आधी पप्पांना विचारा."

"विचारलं."

"कधी?"

"काल, पियानो आत लावायला भिंतीचं माप घेताना."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'माझ्या मुलीनं वखारीत तुम्हाला राबवलं आणि घरात सगळ्यांसमोर झापलं, तरी विचारताय? मग तुम्ही पक्के आहात. माझी हरकत नाही. पण तिला विचारा, तिच्यापुढं माझं काही चालत नाही.'"

मी पप्पांकडे पाहिलं. ते पियानोवरून आमच्याकडेच बघत होते आणि त्या नादात एक सूर साफ चुकला. अख्ख्या चर्चला माहीत आहे, पप्पांचा सूर कधी चुकत नाही.

"हो," मी म्हणाले.

"कशाला हो?"

"सगळ्याला! आता गप्प बसा, पाळकसाहेब बघतायत."

पाळकसाहेब उभे राहिले. म्हणाले, "आपण मस्तकं लववू, डोळे मिटू." सगळ्यांनी मिटले. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. त्याचाही एक उघडाच होता.

पाळकसाहेबांनी घरासाठी मागितलं, घरच्यांसाठी मागितलं, दारातून येणाऱ्यांसाठी मागितलं. आईच्या ओळी पप्पांनी त्यांना उतरवून दिल्या होत्या. शेवटी ते म्हणाले, "आणि प्रभू, या खिडकीत दोघांना बसून एकच पुस्तक वाचता येऊ दे."

'आमेन' आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की आत्यानं वळून पाहिलं.